शेठ, सही आणि शटरची चावी

जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं आणि पेंटर मंडळींना बरे दिवस आले. ३१ मे २०२३ रोजी, अहिल्यादेवी होळकरांच्या जयंतीला, त्यांच्या जन्मगावी चोंडीत घोषणा झाली. मग कागद आपल्या सरकारी चालीने चालत राहिला आणि २०२४ मध्ये मंजुरी मिळाल्यावर बाजारपेठेतल्या पाट्या एकेक करून खाली उतरू लागल्या. एका पाटीला माणसं लागतात दोन. रंगवायला पेंटर आणि शिडी धरायला पोऱ्या. तरीही तिसरा माणूस रस्त्याच्या मधोमध उभा असतोच, आणि तो म्हणजे दुकानाचा मालक. मागून टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय, आत गिऱ्हाईक साडीचा पदर हातात धरून खोळंबलंय आणि शेठ मान वाकडी करून सांगताहेत, "तो 'ल्या' अजून जरा डावीकडं घे. अरे तुझं डावं नाही, माझं डावं!"

ज्या बाईंचं नाव असं रंगवलं जात होतं, त्यांनी काशी, गया, सोमनाथ अशा दूरदूरच्या ठिकाणी देवळं उभारली, नद्यांना घाट बांधले, आणि यातलं बहुतेक काम नर्मदाकाठच्या महेश्वरात बसून केलं. माणूस नेमला, पैसा पाठवला, हिशेब मागवला. काशीच्या गवंड्याला डावं-उजवं सांगायला त्या परांचीखाली जाऊन उभ्या राहिल्याची नोंद नाही.

नगरी मालक मात्र उभा असतो. तो कापड बाजारात असेल, नागापूरच्या एमआयडीसीत जॉबवर्क करत असेल, नेप्तीच्या कांदा मार्केटात आडत चालवत असेल किंवा राहुरीत खतं-बियाणं विकत असेल. त्याचं एक वाक्य ठरलेलं आहे. "माझ्याशिवाय इथलं पान हलत नाही हो!" हे वाक्य तक्रारीच्या सुरात म्हणायचं असतं. कपाळाला आठी घालायची, सुस्कारा टाकायचा. पण ऐकणाऱ्याने नीट पाहिलं तर आठीच्या खाली डोळे हसत असतात, आणि सगळी गोम तिथेच आहे.

हा मालक पुण्याला जायला निघतो. रस्ता सव्वाशे किलोमीटरच्या आतला, म्हणजे काही विलायतेचा प्रवास नव्हे. केडगाव ओलांडलं की पहिला फोन जातो. "ते पार्सल सुटलं का?" सुप्याला चहा घेताना दुसरा. "पार्सलवर पत्ता कोणी लिहिला? तुला कोणी सांगितलं लिहायला?" शिरूरला तिसरा आणि रांजणगावच्या गणपतीला गाडीतूनच हात जोडता जोडता चौथा. शिक्रापूरच्या कोंडीत गाडी उभी राहिली की मालकाला खरा मोकळा वेळ सापडतो, आणि तो सगळा वेळ दुकानातल्या माणसाच्या वाट्याला येतो. वाघोलीपर्यंत दुकानात एकच काम झालेलं असतं, ते म्हणजे फोन उचलणं. संध्याकाळी परत येऊन मालक गल्ल्यावर बसतात आणि म्हणतात, "बघा, एक दिवस मी नव्हतो तर धंदा झाला नाही."

सीसीटीव्ही आल्यापासून या आजाराला औषध उरलेलं नाही. पूर्वी निदान लग्नाला गेलेला मालक लग्नात असायचा. आता पंगतीत एका हातात जिलेबी आणि दुसऱ्या हातात मोबाइल. मोबाइलच्या पडद्यावर दुकानाचे चार चौकोन. तिसऱ्या चौकोनातला पोऱ्या दोन मिनिटं स्टुलावर टेकला की इकडे घास थांबतो. फोन लागतो. पडद्यावरचा पोऱ्या दचकून उठतो, आणि मालकाच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं ते यजमानाला जिलेबीचं वाटतं.

हार्वर्डच्या मायकेल पोर्टर आणि नितीन नोहरिया या प्राध्यापकांनी मोठमोठ्या कंपन्यांच्या २७ प्रमुखांचा वेळ प्रत्येकी १३ आठवडे मोजून घेतला आणि २०१८ मध्ये निष्कर्ष छापले. हे साहेब लोक आठवड्याला सरासरी ६२.५ तास काम करतात, असं त्यात निघालं. जगभर त्याचं केवढं कौतुक झालं! नगरचा किराणा दुकानदार सकाळी नऊ ते रात्री नऊ शटर उघडं ठेवतो. सोमवारी सुरुवात केली तर त्याचे साडेबासष्ट तास शनिवारी दुपारच्या जेवणाआधीच भरतात, आणि त्याला मोजायला कोणी प्राध्यापक येत नाही. फरक तासांत नाहीच. फरक आहे तो त्या तासांत काय चाललंय याचा. ते २७ जण आपला ७२ टक्के वेळ बैठकांत घालवतात असं दिसलं. आमचे शेठही बैठकीवरच असतात, फक्त त्यांच्या बैठकीपुढे सुतळीचा गुंडा असतो.

सुतळीच्या गुंड्याला हसू नये. त्यावर एकेका दुकानाचा कारभार तोलला जातो. गुंडा कुलपात असतो. किल्ली शेठच्या खिशात असते. पुडी बांधायची तर पोऱ्याने हाक मारायची, शेठनी हातातलं काम टाकून गुंडा काढून द्यायचा आणि उरलेली सुतळी किती ते डोळ्यांनी मोजून घ्यायची. झाडू घ्यायचा तर शेठ, चहावाल्याचे पैसे द्यायचे तर शेठ, बल्ब गेला तर शेठ. कारखानदाराकडे हीच गोष्ट साहेबी रूपात दिसते. तिथे हातमोज्यांच्या जोडीलासुद्धा सहीची चिठ्ठी लागते आणि सही करणारा माणूस एकच असतो. मशीन थांबतं, ऑपरेटर थांबतो, बाहेर माल न्यायला आलेला टेम्पो थांबतो, आणि साहेब केबिनमध्ये सह्या करत असतात. हातमोज्यांच्या.

यावर कोणी छेडलंच तर उत्तर तयार असतं, "भरवशाची माणसं मिळत नाहीत." हे उत्तर इतर जिल्ह्यांत चालून जाईल. या जिल्ह्यात नेवासे तालुक्यात शनिशिंगणापूर आहे. तिथल्या घरांना परंपरेने दारं नसतात, कुलूप नसतं, आणि २०११ साली यूको बँकेने तिथे शाखा काढली तीसुद्धा बिनकुलपाची. बँकेने भरवसा ठेवला, तोही शिंगणापुरात! आमचे शेठ अमावास्येच्या शनिवारी तिथे जातात, तेल वाहतात, बिनदाराच्या घरांकडे पाहून सोबतच्या पाहुण्याला अभिमानाने सांगतात, "बघा, याला म्हणतात विश्वास." आणि गाडीत बसताना खिसा चाचपतात. शटरची चावी आहे ना? आहे. मग फोन. "शटर पूर्ण खाली ओढलं होतं ना रे?"

तेव्हा माणसांचा दुष्काळ हे कारण खोटं नसलं तरी पुरेसं नाही. खरं कारण शोधायला नगर शहराच्या पलीकडे भिंगारला जावं लागतं. तिथे आलमगीर नावाची वस्ती आहे. ३ मार्च १७०७ रोजी औरंगजेब बादशहा भिंगारच्या छावणीत वारला, वयाच्या ८८ व्या वर्षी. दफन खुलदाबादला झालं, पण शेवटचा श्वास नगरच्या हद्दीतला. हिंदुस्थानच्या इतिहासात एवढी मोठी पेढी एकट्याने चालवू पाहणारा दुसरा मालक झाला नाही.

त्याचा व्याप बघा. १६५८ मध्ये गादीवर आला. १६८१ मध्ये दक्षिणेत उतरला तो परत दिल्लीला गेलाच नाही. विजापूर १६८६ मध्ये घेतलं, गोवळकोंडा १६८७ मध्ये. इथपर्यंत ठीक. पुढे वयाची ऐंशी उलटल्यावर, १६९९ नंतर, हा माणूस मराठ्यांचे किल्ले घ्यायला जातीने निघाला. सातारा, परळी, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा. हाताखाली सरदार थोडे होते का? पण सरदारावर सोपवलं की तो शत्रूला मिळेल ही धास्ती. मुलांवर सोपवावं तर अकबर आधीच बंड करून निघून गेलेला, आणि मुअज्जमला बापानेच १६८७ मध्ये कैदेत टाकलं ते सात-आठ वर्षं. मग उरलं कोण? स्वतः. सह्याद्रीचा पाऊस, चिखलात रुतलेल्या तोफा, वाहून गेलेले तंबू आणि मेण्यात बसलेले शेठ. बरेचसे किल्ले लढून नव्हे तर किल्लेदाराला पैसे चारून मिळाले. लढून घेतला तो तोरणा. आणि बादशहाची पाठ फिरली की मराठे ते किल्ले एकेक करून परत घेत. म्हणजे गल्ल्यावर हा माणूस बसलेला असेपर्यंतच गल्ला भरलेला.

कागदाच्या बाबतीतही हाच प्रकार. अर्जांवर हुकूम स्वतःच्या हाताने लिहायचा आणि कारकुनाने उत्तरात कोणते शब्द घालायचे तेही स्वतःच सांगायचं. इतिहासकार जदुनाथ सरकारांनी त्याच्यावर पाच खंड लिहिले. त्यांनी या सवयीवर नेमकं बोट ठेवलंय. बादशहा प्रत्येक गोष्टीत हात घालत राहिला, त्यामुळे हाताखालच्या माणसांची स्वतः होऊन काही करण्याची बुद्धीच आटली. प्रत्येक जण वरून हुकूम यायची वाट पाहत बसला. नगरच्या एमआयडीसीतला सुपरवायझर हे वाचून म्हणेल, "आमच्याच कंपनीचं लिहिलंय."

पण सगळ्यांत मोलाची नोंद आहे ती जेमेली करेरी या इटालियन प्रवाशाची. १६९५ साली कृष्णाकाठच्या गलगल्याच्या छावणीत त्याने बादशहाला दरबारात पाहिलं. पंचाहत्तरी उलटलेला म्हातारा चष्म्याशिवाय अर्ज वाचतोय, स्वतःच्या हाताने त्यावर शेरे लिहितोय. आणि करेरीने पुढची गोष्ट टिपली आहे ती अशी की या कामात म्हाताऱ्याचा चेहरा हसरा होता. त्याला त्यात आनंद वाटत असल्याचं दिसत होतं.

इथे सापडतं कारण. बादशहाचे सरदार मोडकळीला आलेत, मुलं कैदेत किंवा परदेशात, खजिना रिकामा होतोय, उत्तरेत काय चाललंय याचा पत्ता नाही, पण अर्जावर शेरा लिहिताना चेहरा हसरा. कारण त्या एका क्षणी सगळं जग आपल्या सहीसाठी ताटकळतंय हे डोळ्यांना दिसतं! हे सुख सोडायचं कसं? वेळेचं नियोजन शिकवणारी पुस्तकं इथेच हरतात. त्यांना वाटतं मालकाला कामाचं ओझं झालंय आणि ते उतरवून हवंय. मालक तर ते ओझं हौसेने मिरवतोय. पंगतीतला तो जिलेबीचा घास आठवा.

ही हौस हाताखालच्या लोकांना बरोबर कळते, आणि ते तिचा फायदा घेतात. १९७४ साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये विल्यम ऑन्केन आणि डोनाल्ड वास यांचा एक लेख आला. त्या मासिकातल्या सर्वाधिक पुनर्मुद्रित लेखांपैकी तो एक आहे. त्यांचं म्हणणं असं की प्रत्येक कामाचं एक माकड असतं आणि ते कोणाच्या तरी खांद्यावर बसलेलं असतं. नोकर अडचण घेऊन येतो. मालक म्हणतो, "थांब, बघतो नि सांगतो." त्या चार शब्दांत माकडाने उडी मारलेली असते. नोकर मोकळा. वर दुसऱ्या दिवशी नोकरच विचारतो, "शेठ, ते आपलं काम काय झालं?" आता साहेब कोण आणि नोकर कोण? त्या लेखातला साहेब सुट्टीच्या दिवशी साचलेलं काम उरकायला निघतो आणि त्याच्या हाताखालची मंडळी त्याला गोल्फ खेळताना दिसतात. नगरपुरतं सांगायचं तर शेठ रविवारी अर्धं शटर उघडून ट्रान्सपोर्टवाल्याशी भांडताहेत आणि ज्याचं ते काम होतं तो वाडिया पार्कवर क्रिकेट बघतोय. शेठ त्यालाही अभिमानानेच सांगतात, "रविवारीसुद्धा सुट्टी नाही मला."

याचा अर्थ सगळं दुसऱ्यावर टाकून मोकळं व्हावं असा काढणारेही निघतात. त्यांच्यासाठी निजामशाहीतल्या पहिल्या मुर्तझाचा दाखला आहे. १५६५ ते १५८८ गादी त्याची, पण पुढेपुढे हा सुलतान माणसांत यायचाच बंद झाला. बागेत एकांतात राहायचा आणि कारभार सलाबतखानाकडे. सलाबतखान माणूस कर्तबगार. नगरचा फराहबाग महाल त्यानेच १५८३ मध्ये पुरा करून घेतला. मालक मात्र दुकानात फिरकेनासा झाल्यावर जे होतं तेच झालं. कान भरणारे आले, कारभाऱ्याची रवानगी कैदेत झाली आणि १५८८ मध्ये पोटच्या मुलाने सुलतानाला हमामखान्यात कोंडून मारलं. चिरंजीवांनी धंद्यात लक्ष घालायला घेतलं की काय होतं याचा हा जरा टोकाचा नमुना.

सलाबतखानाची कबर शहराबाहेरच्या शाहडोंगरावर आहे. अष्टकोनी, तीन मजली, भोवतालच्या मुलखावर नजर ठेवून उभी. तिला सगळं नगर चांदबिबीचा महाल म्हणतं. राबायचं कारभाऱ्याने आणि नाव दुसऱ्याचं, ही रीत नगरात चारशे वर्षांची आहे. दुकानातल्या मुनीमजींनी मनाला लावून घेऊ नये.

काम सोपवणं म्हणजे काय याचे चांगले दाखले याच मातीत आहेत आणि ते पाठ करायला फार वेळही लागत नाही. नेवाशात १२९० साली ज्ञानेश्वरांनी सांगितलं आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतलं. मध्येच "दाखव बघू, वेलांटी कशी काढलीस" असं म्हटल्याचं परंपरा सांगत नाही. ग्रंथ पुरा झाला.

दुसरा दाखला प्रवरेकाठचा. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील शाळेत जेमतेम चौथीपर्यंत गेलेले शेतकरी. शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना काढायचं त्यांनी मनावर घेतलं. गावोगाव हिंडून भागभांडवल जमवलं, लोकांचे टोमणे खाल्ले, सरकारदरबारी खेटे घातले. आता एवढं केल्यावर अध्यक्षाची खुर्ची कोणाची? या जिल्ह्यात हा प्रश्न विचारणाऱ्याकडे लोक संशयाने बघतील. पण विखे पाटलांनी त्या खुर्चीवर पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांना बसवलं आणि स्वतः उपाध्यक्ष झाले. १९५०-५१ मध्ये पहिला गळीत हंगाम झाला. ऊस कोणाच्या रानात किती उभा आहे, कोणता शेतकरी शब्दाला पक्का, हे विखे पाटलांना ठाऊक. बँक, कर्ज, घसारा, सरकारचे कायदे हे गाडगिळांना. दोघांनी एकमेकांचं काम केलं नाही. पुढे गाडगीळ नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले, आणि प्रवरेच्या मागोमाग महाराष्ट्रात साखर कारखाने उगवत गेले. त्या कारखान्यांतल्या खुर्च्यांचं पुढे काय झालं हा वेगळा लेख होईल, आणि तो विनोदी असेलच असं नाही.

आता पाटीवरच्या नावाकडे. १७२५ मध्ये जामखेड तालुक्यातल्या चोंडीत पाटील माणकोजी शिंदे यांच्या घरी अहिल्याबाई जन्मल्या. काम सोपवण्याचं शिक्षण त्यांना सासऱ्यांकडून मिळालं. मल्हारराव होळकर स्वभावाने तापट, तलवारीचा माणूस. पण १७६५ सालचं त्यांचं सुनेला लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. ग्वाल्हेरकडे जा, तिथे चार-पाच दिवस मुक्काम कर, मोठा तोफखाना ठेव, दारूगोळ्याची तजवीज कर, वाटेवर चौक्या बसव. अठराव्या शतकातला सासरा विधवा सुनेवर तोफा सोपवतोय! कापड बाजारातल्या किती सुनांच्या हाती अजून गल्ल्याची किल्ली आली, हे ज्याने त्याने आपापल्या घरी मोजावं.

मल्हारराव १७६६ मध्ये गेले, मुलगा मालेराव पुढल्याच वर्षी गेला. दिवाण गंगाधर यशवंत यांना एखादं दत्तक पोर गादीवर बसवून कारभार आपल्या मुठीत हवा होता. राघोबादादाही त्यासाठी फौज घेऊन आले. बाईंनी त्यांना वाटेला लावलं आणि पेशव्यांची मंजुरी घेऊन कारभार आपल्या हाती ठेवला. मग त्यांनी केलं काय, तर सगळ्यांत दिमाखाचं काम देऊन टाकलं. फौज, स्वाऱ्या, दरबारातला मान हे सगळं तुकोजी होळकरांकडे. तुकोजी जवळच्या नात्यातले नव्हते, मल्हाररावांच्या विश्वासातले सरदार होते. ते बाईंना आई म्हणत. अडचण अशी की वयाने तेच मोठे. म्हणून शिक्क्यावर आईचं नाव आलं नाही. बाईंच्या इच्छेने तिथे 'मल्हारराव होळकरांचा पुत्र तुकोजी' असं कोरलं गेलं. हुद्द्याचा एवढा नाजूक प्रश्न एका शिक्क्यात मिटवला. आपल्याकडे दोन भागीदारांत व्हिजिटिंग कार्डावर कोणाचं नाव वर यावं यावरून फर्म फुटते.

देऊन टाकलं ते हे. ठेवून घेतलं काय? खजिना. रयतेची गाऱ्हाणी ऐकणं. आणि माणसं निवडणं. गोविंदपंत गानू हे त्यांचे कारभारी जवळपास सगळी कारकीर्द त्याच जागी राहिले. इंदूरचा एक कमाविसदार वीस वर्षांहून अधिक काळ बदलला गेला नाही. माणूस एकदा नीट पारखून घेतला की रोज त्याची सुतळी मोजत बसायचं नाही, पण हिशेब मात्र सोडायचा नाही. तुकोजी मोहिमांवर असत आणि फौजेला पैसा लागे. ते मागत, बाई हिशेब विचारत, आणि यावरून दोघांत खटके उडत. म्हणजे सगळं गोडीगुलाबीत चाललं होतं असं नाही. पण खटके उडाले म्हणून बाई घोड्यावर बसून त्यांच्या छावणीतला दाणागोटा मोजायला गेल्या नाहीत आणि तुकोजींनी खजिन्याला हात लावला नाही. असं जवळजवळ तीस वर्षं चाललं.

जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने मध्य भारतावरच्या आपल्या १८२३ च्या ग्रंथात बाईंचा दिनक्रम दिलाय, त्यांना पाहिलेल्या माणसांना विचारून. पहाटे उजाडायच्या आधी तासभर उठणं, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म, जेवण, थोडी विश्रांती. दुपारी दोनला दरबार, तो सहापर्यंत. मग पूजा आणि साधं जेवण. रात्री नऊला पुन्हा कामकाज, अकराला झोप. बेरीज करा. दरबाराचे चार तास आणि रात्रीचे दोन. सहा! सहा तासांत माळव्याचा राज्यकारभार, पुणे-हैदराबादपासून कोलकात्यापर्यंतच्या वकिलांचा पत्रव्यवहार आणि देशभरची बांधकामं. आणि इकडे बारा तास उघडं असलेलं चपलांचं दुकान, जिथे मालकाला जेवायला वेळ मिळत नाही.

गंमत अशी की आमचे शेठही काही गोष्टी सोपवतात. फक्त यादी उलटी असते. जे बाईंनी स्वतःकडे ठेवलं ते हे देऊन टाकतात आणि जे त्यांनी दिलं ते हे पोटाशी धरतात. महिन्याची वीस तारीख जवळ आली की जीएसटीच्या विवरणपत्रासाठी सीएच्या ऑफिसातून फोन येतो, "शेठ, ओटीपी आलाय बघा, सांगा पटकन." शेठ सांगतात. आकडा किती, खरेदी किती दाखवली, कर किती भरला, काही विचारत नाहीत. लाखांच्या उलाढालीवर आपली सही पडली आणि शेठचं लक्ष होतं समोरच्या पोऱ्याकडे, कारण त्याने पुडीला सुतळीचा एक वेढा जास्त दिला होता. मुनीमजींनी उधारीची यादी चार वेळा पुढे केली तर ती "ठेवा, बघू" म्हणून गल्ल्याखाली जाते. गिऱ्हाइकाची तक्रार आली तर "आत मॅनेजरला भेटा." पण दुकानाचं उद्घाटन, व्यापारी असोसिएशनचा सत्कार, गणपतीतली आरती, फोटो? तिथे मॅनेजरला पाठवलेलं कोणी पाहिलंय का?

खरं तर याद्यांची अदलाबदल तेवढी करायची आहे. ठरावीक रकमेपर्यंतची खरेदी विचारल्याशिवाय करायची मुभा माणसाला द्यायची आणि ती रक्कम त्याला तोंडी नव्हे, लिहून द्यायची. अडचण घेऊन येणाऱ्याला "बघतो" म्हणायचं नाही, "तू काय करायचं ठरवलंस?" असं विचारायचं. पहिल्यांदा तो गोंधळेल, कारण आजवर त्याला असं कोणी विचारलेलं नाही. चूक करेल. ती थोडक्यात निभावली तर शिकवणीची फी समजायची. उधारीची वही, करभरणा आणि गिऱ्हाइकाची तक्रार मात्र मालकानेच बघायची, रोज, ठरल्या वेळी.

अर्थात अहिल्यादेवींनाही एक गोष्ट साधली नाही, आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. १३ ऑगस्ट १७९५ रोजी त्या गेल्या, दोन वर्षांनी तुकोजी गेले आणि त्यांच्या मुलांत गादीवरून तलवारी निघाल्या. औरंगजेब गेल्यावर चार महिन्यांच्या आत त्याची मुलं जाजऊच्या मैदानावर एकमेकांवर तुटून पडली होती. म्हणजे माणूस हसऱ्या चेहऱ्याने सगळं स्वतः करणारा असो की नीट वाटून देणारा, आपल्या मागे दुकान कोण उघडणार हा प्रश्न दोघांनाही मिटवता आला नाही. नगरच्या बाजारपेठेत त्याचा कागद किती जणांकडे आहे हे वकिलांना विचारावं. भावाभावांत एका शटरची दोन शटरं झालेली दुकानं त्या रस्त्याने जाताना दिसतातच.

तेव्हा ज्या मालकांना सुरुवात करायची असेल त्यांनी ती दिवाळीच्या तोंडावर करू नये. तेव्हा खरंच पान हलवावं लागतं. पितृपक्षात करावी. पंधरा दिवस नवीन खरेदी कोणी करत नाही, गिऱ्हाईक कमी, नुकसान झालंच तर बेताचं, आणि काही बिनसलं तर निस्तरायला पुढे नवरात्र आहे. शटरची दुसरी चावी करून घ्यावी आणि मुनीमजींच्या हातात द्यावी. पहिल्या दिवशी दुकानात अकरानंतर जावं. मधल्या वेळात फोन करू नये, सीसीटीव्हीही बघू नये. चावी करायला पोऱ्याला पाठवलं तरी चालेल, चावीवाल्यापाशी मालकाने उभं राहायची गरज नाही.